फुगाझीचा ‘रिपीटर’ (१९९०): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘रिपीटर’बद्दल काहीही लिहिलं की पाठोपाठ तेच पंधरा-वीस प्रश्न येतात. काही अगदी सुरुवातीचे, काही वर्षानुवर्षं ऐकणाऱ्यांचे. आता ते सगळे एका जागी मांडले आहेत. प्रश्न शक्यतो पाठवणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसऱ्यात गेला असेल, तर तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. फुगाझी कोण आणि ‘रिपीटर’ काय? मला काहीच माहीत नाही.

फुगाझी हा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डी.सी.चा चौघांचा बँड. इयन मकाय (गिटार, गायन), गी पिचोटो (गायन, गिटार), जो लॅली (बेस) आणि ब्रेंडन कँटी (ड्रम). ३ सप्टेंबर १९८७ला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. ‘रिपीटर’ हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा स्टुडिओ अल्बम. तो १९८९च्या उन्हाळ्यात रेकॉर्ड झाला आणि १९९०मध्ये डिस्कॉर्ड रेकॉर्ड्सने काढला. गाणी अकरा, एकूण वेळ साधारण पस्तीस मिनिटं.

डिस्कॉर्ड ही मकाय आणि जेफ नेल्सन यांनी १९८०मध्ये सुरू केलेली छोटी कंपनी आहे. त्याच नावाच्या चॅटिंग ॲपशी तिचा काही संबंध नाही. हा प्रश्न इतक्यांदा येतो, म्हणून इथेच सांगून टाकलं.

२. फुगाझीला पोस्ट-हार्डकोअर म्हणतात, म्हणजे नक्की काय? मला तर हे हेवी मेटलच वाटतं.

मेटल नाही. हार्डकोअर म्हणजे पंकची (बंडखोर, खडबडीत रॉकची) सर्वांत वेगवान, सर्वांत आखूड तऱ्हा. गाणं दीड मिनिटाचं, लय सुसाट, गाणाऱ्याचा घसा ताणलेला. मकायचा आधीचा बँड मायनर थ्रेट हा त्याचा नमुना. पण पाच-सहा वर्षांत तो प्रकार स्वतःचीच नक्कल करायला लागला आणि कार्यक्रमांत मारामाऱ्या वाढल्या. १९८५च्या सुमारास डी.सी.तल्याच पोरांनी त्या साच्यातून बाहेर पडायला सुरुवात केली. राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यांतला महत्त्वाचा बँड. पिचोटो आणि कँटी तिथूनच आले.

हार्डकोअरची निकड ठेवायची, पण लय संथ करायला, गप्प राहायला, वाद्यांना जागा द्यायला घाबरायचं नाही, ही माझ्या मते पोस्ट-हार्डकोअरची सोपी ओळख. फुगाझीत रेगे आणि डबचा (रेगेचंच बेसवर भर देणारं रूप) हातही स्पष्ट ऐकू येतो. बेस गाण्याचा कणा आणि गिटार अधूनमधून येऊन कापणारी. मेटलमध्ये आवाजाची भिंत उभी करतात. इथे भिंतीत खिडक्या ठेवल्यात, आणि त्या कुठे ठेवल्यात हेच ऐकायचं.

३. नावांचे उच्चार सांगा ना. आणि ‘फुगाझी’चा अर्थ?

पिचोटोचं पहिलं नाव ‘गाय’ असं लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं, पण ते ‘गी’ आहे, फ्रेंच वळणाचं. मकायचा शेवट ‘काय’सारखा. लॅली, कँटी सरळ.

फुगाझी हा व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकी सैनिकांच्या बोलीतला शब्द. शिवराळ आद्याक्षरांतून झालेला. वाट लागली, घेरले गेलो, प्रेताच्या पिशवीत बंद झालो, असा काहीसा भाव. मकायला तो त्या युद्धातल्या सैनिकांच्या आठवणींच्या एका पुस्तकात सापडला.

४. ‘१३ साँग्ज’ तर १९८९चा आहे. मग ‘रिपीटर’ पहिला अल्बम कसा?

सर्वांत जास्त वाद याच प्रश्नावर होतो. ‘१३ साँग्ज’ हा अल्बम म्हणून रेकॉर्डच झालेला नाही. १९८८ची सात गाण्यांची ईपी (पूर्ण अल्बमपेक्षा छोटी रेकॉर्ड) आणि १९८९ची ‘मार्जिन वॉकर’ ही सहा गाण्यांची ईपी, या दोन्ही एका सीडीवर एकत्र केल्या. सात आणि सहा, तेरा. नाव तिथून आलं.

‘मार्जिन वॉकर’चं रेकॉर्डिंग लंडनमध्ये, युरोपचा लांबलचक दौरा संपता संपता झालं. खरं तर तेव्हाच पूर्ण अल्बम करायचा बेत होता. पण चौघं थकलेले होते आणि जे हाती आलं त्यावर खूश नव्हते, म्हणून ते ईपीवरच थांबले. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. स्टुडिओत पोचलेला बँड ‘हे अजून झालेलं नाही’ म्हणतो, हे सहसा घडत नाही. ‘रिपीटर’ची सुरुवात मी त्या माघारीपासून धरते.

दुसरं कारण संगीतातलं आहे, ते प्रश्न ९मध्ये.

५. ‘वेटिंग रूम’ या अल्बममध्ये सापडत नाही. माझी प्रत खराब आहे का?

प्रत ठीक आहे. ‘वेटिंग रूम’ १९८८च्या पहिल्या ईपीवर आहे, त्यामुळे ते ‘१३ साँग्ज’वर मिळेल.

६. माझ्याकडे अकरा गाणी, मैत्रिणीच्या सीडीवर चौदा. खरा अल्बम कोणता?

दोन्ही खरेच. तबकडीवर अकरा. सीडीवर त्याच सुमारास निघालेल्या ‘३ साँग्ज’ या सात इंची छोट्या तबकडीवरची तीन गाणी शेवटी जोडलेली आहेत, म्हणून ती ‘रिपीटर + ३ साँग्ज’ या नावाने मिळते. ऐकण्याच्या सेवांवरही बहुधा हीच चौदांची यादी दिसेल.

माझं मत विचाराल, तर पहिल्यांदा ऐकताना अकराव्या गाण्यानंतर, म्हणजे ‘शट द डोअर’नंतर, हाताने बंद करा. ती तीन गाणी वाईट मुळीच नाहीत. पण ‘शट द डोअर’ संपल्यावर जी शांतता पसरते तिला अल्बमचा शेवट होऊ द्यायला हवा. तीन गाणी दुसऱ्या दिवशी वेगळी ऐकावीत.

७. ‘प्रोव्हिजनल’ आणि ‘रिप्रोव्हिजनल’ एकच गाणं आहे की दोन?

गाणं एकच, रेकॉर्डिंग दोन. ‘प्रोव्हिजनल’ हे ‘मार्जिन वॉकर’वरचं. तेच नव्याने वाजवून ‘रिपीटर’वर घेतलं आणि नावाला ‘रि’ जोडला. दोन्ही पाठोपाठ ऐका. वर्षभरात हा बँड किती घट्ट विणला गेला ते दहा लेख वाचून कळणार नाही, इथे पाच मिनिटांत कळतं.

८. रेकॉर्डिंग कुठे आणि कसं झालं? सकाळी गायचे असं ऐकलं, खरं का?

खरं आहे. जागा आर्लिंग्टन, व्हर्जिनिया इथला इनर इअर स्टुडिओ, म्हणजे पोटोमॅक नदी ओलांडली की पलीकडेच. इंजिनिअर डॉन झिएंटारा. त्या काळी हा स्टुडिओ झिएंटारांच्या घराच्या तळघरात होता आणि डी.सी.च्या पंकचा मोठा भाग तिथेच रेकॉर्ड झाला. निर्माता टेड नाइसली, ज्याने पहिली ईपीही केली होती.

नाइसली तेव्हा स्वयंपाकशास्त्राचा अभ्यासक्रम करत होता. त्याच्या वर्गांच्या वेळा सांभाळून रेकॉर्डिंग सकाळी ९ ते दुपारी १ या वेळेत व्हायचं. ‘शट द डोअर’मधला तो फाटलेला आवाज सकाळच्या उन्हात, जेवायच्या आधी काढलेला असू शकतो, ही कल्पना मला अजून पचत नाही. पण नीट विचार केला तर पटतं. मध्यरात्रीच्या धुंदीचा इथे लवलेश नाही. सगळे झोप झालेले, डोकं जागेवर असलेले लोक आहेत आणि वेळ मोजकी. सूर कुठे लावायचा, कुठे तोडायचा हे आधी ठरवूनच यावं लागणार.

पुढे नाइसली खरोखरच स्वयंपाकघरात रुजू झाला, म्हणून १९९१चा ‘स्टेडी डाएट ऑफ नथिंग’ बँडने स्वतःच निर्मिला. १९९३च्या ‘इन ऑन द किल टेकर’साठी तो परत आला.

९. दोन गिटार असून एकही धड सोलो नाही. मग दोन कशाला?

हा प्रश्न गिटार शिकणाऱ्या मुलांकडून येतो, आणि तो अल्बमच्या गाभ्यालाच हात घालतो.

ईपींच्या काळात पिचोटो फक्त गायचा. गिटार एकट्या मकायची. ‘रिपीटर’वर पिचोटोने पहिल्यांदा गिटार हातात घेतली, आणि चौघं खऱ्या अर्थाने एकत्र गाणी रचायला लागले. माझ्यासाठी ‘रिपीटर’ हाच पहिला अल्बम असण्याचं संगीतातलं कारण हे (कागदोपत्री कारण प्रश्न ४मध्ये). मकायकडे गिब्सन एसजी, जाड आणि भरीव आवाजाची. पिचोटोकडे रिकनबॅकर, तिचा आवाज पातळ, टोकदार, काचेसारखा. दोघं एकच सुरावट कधी वाजवत नाहीत. लावणीतल्या सवाल-जवाबासारखं धरा. एकाने टाकलं की दुसऱ्याने उचलायचं, पण दुसऱ्याचं पुरं व्हायच्या आत पहिला परत हजर.

आणि त्या सवाल-जवाबाला जमीन देणारी जोडी म्हणजे लॅली-कँटी. नवीन ऐकणाऱ्यांना मी नेहमी सांगते: पहिल्या खेपेला गिटारकडे दुर्लक्ष करा, फक्त बेस धरून चला. ‘टर्नओव्हर’मध्ये गिटार लांबून कुणी चालत यावं तशी हळूहळू वर येते, मग बेस पाय रोवतो, आणि त्यानंतर गाणं सुटतं. तो बेस एकदा कानात बसला की दोन्ही गिटार आपोआप वेगवेगळ्या ऐकू येतात. ‘ब्रेंडन #१’मध्ये तर शब्दच नाहीत. केवळ वाद्यं, आणि नाव ड्रमवाल्याचं.

१०. ‘रिपीटर’ हे नाव का?

‘रिपीटर’ म्हणजे लागोपाठ गोळ्या झाडणारी बंदूक, आणि तेच तेच करत राहणारा माणूसही. शीर्षकगीत त्या काळच्या डी.सी.वर आहे. क्रॅक कोकेनचा धंदा बोकाळलेला, आणि सहा लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या शहरात १९८९ या एका वर्षात ४००हून जास्त खून. देशाची राजधानी आणि खुनांचीही राजधानी, असं तेव्हा वर्तमानपत्रं म्हणायची. गाण्यात गिटार सायरनसारखी किंचाळते आणि आकडे मोजले जातात. रोज छापून येणारी मेलेल्यांची संख्या, जिला माणसं सरावून जातात. या नावात बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’कडेही एक नजर टाकलेली आहे.

११. इंग्रजी शब्द कळत नाहीत. गाणी कशाबद्दल आहेत? मराठीत भाषांतर द्याल का?

पूर्ण भाषांतर देणार नाही, कारण शब्द त्यांचे आहेत. रोख मात्र सांगते.

‘मर्चंडाइज’ खरेदीवर आहे. माणसाची किंमत त्याच्या मालकीच्या वस्तूंवरून होत नाही, हे सरळ सांगणारं. याला नाचरा उलट ठेका आहे, त्यामुळे राग असूनही पाय हलतात. ‘ब्लूप्रिंट’ त्याचंच दुसरं अंग. ‘मर्चंडाइज’ विकणाऱ्याकडे बोट दाखवतं, ‘ब्लूप्रिंट’ ते बोट विकत घेणाऱ्याकडे वळवतं. पिचोटोने गायलेलं, अल्बममधलं सर्वांत सुरेल गाणं, आणि त्याचा शेवट एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा येत चढत जातो. ‘ग्रीड’ दोन मिनिटांचंही नाही. विषय नावातच आहे.

‘स्टायरोफोम’कडे लोकांचं लक्ष जात नाही, याचं मला वाईट वाटतं. द्वेष आणि पूर्वग्रह आपल्या सगळ्यांत आहे, असं ते म्हणतं. ‘त्यांच्यात’ म्हणून सुटका करून घेत नाही. राग असलेल्या संगीतात गाणारा स्वतःला बहुधा निर्दोष धरतो. इथे त्याने स्वतःलाही रांगेत उभं केलंय. ‘शट द डोअर’बद्दल वेगळा प्रश्न आहे, पुढचाच.

१२. ‘शट द डोअर’ ऐकून झोप उडाली. त्यात नक्की काय घडतं?

व्यसनापायी, अतिमात्रेने गेलेल्या माणसाबद्दलचं गाणं आहे. दार बंद, आतला माणूस परत येणार नाही.

जवळपास पाच मिनिटं, अल्बममधलं सर्वांत लांब. सुरुवातीला फारच थोडं वाजतं. बेसचे मोजके सूर, गिटारचे तुटक ठिपके, आणि मकायचा आवाज जवळ येऊन बोलल्यासारखा. तुम्ही नकळत आवाज वाढवता, कारण नीट ऐकू येत नाही. तेवढ्यात सगळं एकदम कोसळतं. मग पुन्हा ओसरतं, आधीपेक्षाही खाली. मधल्या भागात ड्रमच्या काठ्या, एखादी तार, श्वास, एवढंच उरतं, आणि बँड किती वेळ असाच थांबून राहणार याचा अंदाज बांधता येत नाही.

मी हे गाणं पहिल्यांदा हेडफोन लावून, घरात सगळे झोपल्यावर ऐकलं. त्या मधल्या शांततेत मी प्लेअर उचलून बघितला, बंद पडला का म्हणून. आकडे पुढे सरकत होते. आणि नेमका तेव्हाच तो दुसरा घाव आला. त्यानंतर कितीदा ऐकलं असेल, पण त्या जागी अजूनही अंग आकसतं. जोरात वाजवायला पुष्कळांना येतं, इतका वेळ न वाजवता धरून ठेवणं फार थोड्यांना जमलंय.

१३. ५ डॉलरचं तिकीट आणि टी-शर्ट न विकणं, ही दंतकथा की खरं?

खरं. तिकीट साधारण ५ डॉलर, आणि कार्यक्रमाला वयाची अट नाही. अमेरिकेत बरेच कार्यक्रम बारमध्ये होतात, तिथे २१ वर्षांखालच्यांना सोडत नाहीत, त्यामुळे ही दुसरी अट पहिलीपेक्षाही अवघड होती. ती पाळता यावी म्हणून ते शाळा, चर्चची तळघरं, समाजमंदिरं अशा जागा शोधायचे. डिस्कॉर्डच्या रेकॉर्डवर टपालखर्चासह किंमत छापलेली असायची, म्हणजे दुकानदाराला मनमानी लावता येऊ नये.

टी-शर्ट, टोप्या, बिल्ले बँडने विकले नाहीत. तुमच्याकडे ‘हा फुगाझीचा टी-शर्ट नाही’ असं छापलेला टी-शर्ट असेल, तर तो त्यांच्या परवानगीशिवाय कुणीतरी काढलेल्यांपैकी.

‘मर्चंडाइज’ गाणाऱ्याने बाहेर टेबल मांडून माल विकला असता तर ते गाणं तिथेच मेलं असतं. म्हणून ‘तत्त्वं बाजूला ठेवून नुसतं संगीत बघा’ हा सल्ला मला या बँडपुरता मान्य नाही.

१४. जाहिरात नाही, मोठी कंपनी नाही. मग खपला किती?

१९९१च्या उन्हाळ्यापर्यंत ३ लाखांहून जास्त प्रती. यामागे मुख्यतः पायपीट होती. मार्च १९९० ते जून १९९१ या काळात त्यांनी सुमारे २५० कार्यक्रम केले. हजार-हजार माणसांची सभागृहं भरायला लागली. मोठ्या कंपन्या मागे लागल्या, यांनी नकार दिला आणि शेवटपर्यंत डिस्कॉर्डवरच राहिले. नकार देणं त्यांना परवडलं याचं एक साधं कारण आहे. कंपनी स्वतःचीच, खर्च कमी, आणि आलेला पैसा वाटेत कुणी खात नव्हतं.

१५. कार्यक्रम मध्येच थांबवायचे म्हणे. एवढा कडकपणा पंकमध्ये चालतो?

गर्दीत कुणी दुसऱ्यांना धडका देत, अंगावर पडत असेल तर ते वाजवणं थांबवायचे, त्या माणसाला सभ्य शब्दांत समजवायचे. तरी ऐकलं नाही तर त्याचे ५ डॉलर पाकिटात घालून परत द्यायचे आणि बाहेरची वाट दाखवायचे. अशी पाकिटं तयारच ठेवलेली असायची.

कडकपणा म्हणा हवं तर. पण पुढच्या रांगेत चेंगरणारी मुलगी किंवा पंधरा वर्षांचा पोरगा यांनीही तेवढेच ५ डॉलर दिलेले असतात. गणपतीच्या मिरवणुकीत पुढे ढोल बघायला मिळतोय म्हणून मुलाला खांद्यावर घेतलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. माझ्या कानाला हे थांबणं आणि ‘शट द डोअर’मधलं थांबणं वेगळं वाटत नाही. आवाज कधी बंद करायचा हे आपल्या हातात असलं पाहिजे, असं मानणारे हे चौघं.

१६. हे सगळे स्ट्रेट एज ना, दारू-सिगारेट वर्ज्य?

तो शब्द मकायच्याच आधीच्या बँडच्या, मायनर थ्रेटच्या १९८१च्या गाण्यातून आला, आणि पुढे त्याची चळवळ इतरांनी केली. फुगाझी हा स्ट्रेट एज बँड नव्हता, ‘रिपीटर’मध्ये तसा प्रचारही नाही. ‘शट द डोअर’मध्ये दुःख आहे, उपदेश नाही.

१७. भारतात कसा मिळेल?

सर्वांत सोपं म्हणजे बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावरचं डिस्कॉर्डचं पान. पैसे देऊन डाउनलोड करता येतो. तबकडी हवी असेल तर ती परदेशातून मागवावी लागते, आणि टपालखर्च व सीमाशुल्क मिळून मूळ किमतीच्या पुढे जाऊ शकतं, हे आधी धरून चाला. घाईने महागडी जुनी प्रत घेऊ नका. डिस्कॉर्ड हा अल्बम पुन्हा पुन्हा छापत आलं आहे, आणि नव्या प्रतीवर ऐकायला काही कमी पडत नाही.

१८. आम्ही उत्तर व्हर्जिनियात राहतो. स्टुडिओ, डिस्कॉर्ड हाउस (कंपनी जिथून चालायची ते घर) बघता येईल का?

इनर इअर १९९०मध्ये तळघरातून आर्लिंग्टनमध्येच मोठ्या जागेत गेला, आणि ती जागा २०२१मध्ये बंद झाली. मूळ तळघर आणि डिस्कॉर्ड हाउस ही खाजगी घरं आहेत, कृपया बेल वाजवायला जाऊ नका. त्याऐवजी डी.सी.च्या सार्वजनिक ग्रंथालयात, मार्टिन ल्यूथर किंग स्मारक शाखेत, शहराच्या पंक इतिहासाचा संग्रह आहे. पत्रकं, नियतकालिकं, रेकॉर्डिंग. सार्वजनिक आहे, खुशाल जा. व्हाइट हाउससमोरचं लाफायेत पार्क तर बघितलंच असेल. १२ जानेवारी १९९१ला, आखाती युद्ध सुरू व्हायच्या काही दिवस आधी, कडाक्याच्या थंडीत फुगाझीने तिथे युद्धाविरोधात फुकट कार्यक्रम केला होता, आणि त्यात याच अल्बमची गाणी होती.

१९. अल्बम पाठ झालाय. आता पुढे काय ऐकू?

दोन वाटा. एक म्हणजे क्रमाने पुढचे अल्बम, १९९१पासून २००१च्या ‘द आर्ग्युमेंट’पर्यंत पाच. दुसरी वाट मला जास्त प्रिय आहे. बँडने आपल्या हजारावर कार्यक्रमांपैकी आठशेहून जास्त रेकॉर्ड करून ठेवले होते, आणि डिसेंबर २०११पासून ते ऐकायला खुले केले. सुचवलेली किंमत ५ डॉलर, म्हणजे तिकिटाचीच.

ते कार्यक्रमाआधी गाण्यांची यादी ठरवत नसत. कुणीतरी एक सूर छेडायचा आणि बाकीचे तिघं क्षणात ओळखून येऊन मिळायचे. त्यामुळे ‘रिपीटर’मधलं प्रत्येक गाणं दर रात्री वेगळ्या दारातून आत येतं. १९९०चा एखादा कार्यक्रम घ्या, मग ४ नोव्हेंबर २००२चा लंडनचा, जो त्यांचा आजवरचा शेवटचा आहे. दोन्हींत या अल्बममधलं एखादं गाणं सापडलं की शेजारी शेजारी ठेवून ऐका. आणि मधला थांबा दुसऱ्या वेळी किती लांबलाय ते मोजून बघा.